वायरीतली हवा

धक्का जमिनीने दिला की गाडीने, हे जागृतीला आधी कळलंच नाही. तलासरी सोडून उधव्याच्या रस्त्याला लागल्यावर गाडी हादरली, स्टिअरिंग हातात थरथरलं, आणि तिने सवयीने आधी विजेच्या तारांकडे पाहिलं. गेल्या नोव्हेंबरात भूकंपाचे धक्के सुरू झाल्यापासून त्या पट्ट्यात सगळेच आधी तारांकडे बघत. तारा स्वस्थ होत्या, म्हणजे हादरा गाडीचा होता. मग समोर तो पिवळा दिवा लागला, इंजिनाच्या चित्राचा, आणि गाडी रस्त्याच्या कडेला जाऊन बंद पडली. हे सगळं तिने डहाणूला गॅरेजमध्ये फोन करून जतीनला सांगितलं, तेव्हा नवरा म्हणून त्याला काळजी वाटायला हवी होती. वाटलीही, पण जरा मागाहून. आधी वाटला तो निव्वळ आनंद. महिनाभरात त्याने तो दिवा दोनदा घालवला होता, एकदा नवा सेन्सर टाकून आणि एकदा वायरी बदलून, आणि तो निर्लज्जासारखा परत आला होता. म्हणजे खरा दोष अजून तिथेच बसून होता, कुणालाही न सापडलेला. जतीनच्या अंगावर काटा आला.

“हसतोयस का रे?” जागृतीने विचारलं.

“नाही ग.”

“हसतोयस. ऐक, चालू झाली परत. काळा धूर सोडतेय, पण जाते मी तशीच. आणि त्या खोलीचं रविवारी मी हो सांगून टाकते. असं रस्त्यात अडकून नाही चालायचं मला.”

“रविवारच्या आत गाडी ठणठणीत करून देतो. मग तर झालं?”

“मागेही हेच म्हणाला होतास,” ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

खोलीचं प्रकरण त्याच्या डोक्यात दिव्याच्याही आधीपासून जळत होतं. जागृती उधव्याच्या बाजूला आरोग्य केंद्रात नर्स होती आणि रोज वरोरच्या घरून गाडी हाकत जायची. धक्के सुरू झाल्यापासून तिथली माणसं घराबाहेर ताडपत्रीखाली झोपत होती, दिवस भरलेल्या बायका छपराखाली यायला तयार नव्हत्या, आणि सिस्टर संध्याकाळी निघून जातात हे कुणालाच आवडत नव्हतं, सिस्टरला स्वतःलाही नाही. म्हणून ती भाड्याची खोली, तिथेच राहायला. पत्र्याचं छप्पर, बाहेर हापसा, केंद्र हाकेच्या अंतरावर. जतीनला ती खोली न बघताच पाठ झाली होती. तो तिच्याविरुद्ध बोलायचा तेव्हा भूकंपाचं नाव घ्यायचा, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. पण रात्री पाठीला पाठ लावून कोणी झोपलेलं नसणार, ही भीती भूकंपाच्या आड गुपचूप बसून होती. त्या भीतीचं ऐकायचं नव्हतं म्हणून त्याने एक हिशेब मनाशी पक्का करून टाकला होता. ती जाते कारण गाडी बंद पडते. गाडी नीट झाली की कारण गेलं, कारण गेलं की खोली गेली. माणूस हुशार असला की असे हिशेब फार सफाईने जमतात.

हुशारीबद्दल वाद नव्हता. गॅरेज टाकण्याआधी जतीन तारापूरच्या एका कारखान्यात बॉयलरच्या मोजमापाच्या यंत्रांवर होता. तिथल्या कंट्रोल रूममध्ये कागदाच्या गुंडाळीवर एक पेन सतत रेघ ओढत असायचं, धुरात उरलेल्या प्राणवायूची रेघ, आणि ती सरळ असली की सगळ्या पाळीला चहा गोड लागायचा. रेघ वाकडी झाली की साहेब धावत यायचे. सरळ रेघ म्हणजे शांतता, हे इतकी वर्षं त्याच्या डोळ्यांत भरलं होतं की घरातही तो तीच शोधायचा. जागृती सहाला निघाली, साडेआठला पोचली, दुपारी फोन, निघताना फोन, चारोटी नाक्यावर फोन. फोन आला नाही की याचं पेन थरथरायचं. जागृती एकदा म्हणाली होती, “तू मला नवऱ्यासारखा विचारतोस की कंट्रोल रूमसारखा?” तो हसला होता. ती हसली नव्हती, हे त्याला फार नंतर आठवलं.

शुक्रवारी मोठा धक्का बसला. डहाणूतसुद्धा मांडणीवरची भांडी वाजली. जागृती त्या दिवशी केंद्रावरच राहिली आणि शनिवारी सकाळी तीच काळा धूर सोडणारी गाडी घेऊन थेट गॅरेजमध्ये आली. डोळे तांबारलेले, केसांत धूळ. घरी जाऊन पड म्हटलं तर म्हणाली, “नको, इथेच बसते. बघू तरी काय करतोस ते.” खुर्ची ओढून ती दाराच्या सावलीत बसली, आणि जतीनला एकदम परीक्षेला बसल्यासारखं झालं. त्याने हात पुसले, स्कॅनर गाडीला जोडला आणि पडद्यावर सेन्सरची रेघ आणली.

रेघ सरळ होती. अगदी खाली, तळाला चिकटलेली, हूं नाही की चूं नाही. धुराच्या नळीत बसवलेला हा सेन्सर धुरात प्राणवायू किती उरला ते हुंगतो आणि गाडीच्या कंप्युटरला सांगतो. रेघ तळाला म्हणजे तो ओरडून सांगत होता की धुरात हवाच हवा आहे, पेट्रोल कमी पडतंय, आणखी सोडा. आणि बिचारा कंप्युटर आणखी सोडत होता. पण जतीनने प्लग काढले तर ते काजळीने माखलेले, चुलीतून काढल्यासारखे. पेट्रोल उतू चाललं होतं. सेन्सर म्हणे उपासमार, प्लग म्हणे अजीर्ण. दोघांतला एक खोटं बोलत होता आणि काजळीला खोटं बोलता येत नाही. जतीनचं काळीज लहान मुलासारखं उड्या मारू लागलं.

मग त्याने एकेकाला चौकशीला बोलावलं. सेन्सरला आतून तापवणाऱ्या तारेला बॅटरीचा पुरवठा येतो का? येतो. त्या तारेचा रोध बरोबर आहे का? आहे. जमिनीची वायर, म्हणजे बॉडीला जोडलेली, पक्की? पक्की. सेन्सरचा निरोप कंप्युटरपर्यंत नेणारी वायर मध्ये कुठे तुटली, कुठे घासून बॉडीला चिकटली? त्याने मीटरची टोकं दोन्हीकडे धरून ती वायर हाताने हलवत हलवत तपासली, अंगठ्याच्या पेराने इंच इंच चाचपली. काही नाही. त्यानेच तर ती पंधरवड्यापूर्वी बदलली होती. सेन्सर महिन्याभरापूर्वीचा, कोरा करकरीत. सगळे निर्दोष होते आणि गाडी आजारी होती. दुसरा कुणी वैतागला असता. जतीन शीळ घालत होता. कारखाना बंद झाल्यापासून त्याच्या वाट्याला हेडलाईट आणि हॉर्न आले होते. जे मोडलंय ते समोर दिसायचं, बदललं की झालं. इथे कितीतरी वर्षांनी काहीतरी लपून बसलं होतं, आणि ते शोधायला जे डोकं लागतं ते अजून जागं होतं, हे त्याला बोटांतून कळत होतं.

“परवा बंद पडली तेव्हा माझ्या पोटात काही नव्हतं,” जागृती दारातून म्हणाली. तिला झोप येत नव्हती म्हणून ती बोलत होती. “एकादशी होती. रस्त्यात उभी राहिले तर डोळ्यांसमोर अंधारी आली. मागच्या वेळीपण एकादशीच. दिवा लागला आणि मी डब्यातली साबुदाण्याची खिचडी गाडीतच बसून खाल्ली, आठवतंय.”

मासेमारी करणाऱ्यांच्या घरात एकादशी धरणारी ती एकटीच होती. डहाणूच्या चिकूच्या वाडीतून आली तेव्हा हे व्रत बरोबर घेऊन आली होती, आणि सासरे सुरुवातीला गमतीने म्हणायचे, आमच्या बोंबलाला पंधरा दिवसांतून एकदा सुट्टी मिळाली. जतीन मीटर हातात धरून तसाच उभा राहिला.

“आणि पहिल्यांदा?”

“पहिल्यांदा... नवीन वर्षाचा पहिला दिवस होता. केंद्रात सगळ्यांनी केक कापला आणि मला खाता आला नाही.” तिने बोटांवर मोजलं. “एकादशीच की रे तीपण.”

गाडीला एकादशीचं काय? गाडीला तिथी कळत नाही. घरात ज्याला तिथी कळते असा आणखी एकच माणूस होता, पण तो एकादशी पाळत नव्हता, तो पाणी पाळत होता. जतीनच्या मनात दोन गोष्टी एकमेकींकडे सरकल्या. वरोरच्या किनाऱ्यावरचं त्याचं सगळं लहानपण दोन शब्दांत वाटलेलं होतं, उधाण आणि भांग. अमावस्या-पुनवेच्या आसपास पाण्याला जोर असतो, ते उधाण. तेव्हा बोटी बाहेर, बाबा बाहेर, घर रिकामं. अष्टमी उलटली की पाण्याचा जोर ओसरतो, जाळ्यात काही येत नाही, तो भांग, एकादशीपर्यंत चालणारा. तेव्हा बोटी किनाऱ्याला, बाबा घरी. आणि घरी आलेले बाबा स्वस्थ बसत नसत. भांगाच्या दिवसांत बोटीचं सगळं काम निघायचं. जाळी शिवायची, इंजिनाचा एकेक सांधा पुसायचा, आणि मग ते बाबांचं खास औषध. लोखंडी पळीत ग्रीस घ्यायचं, त्यात थोडं खोबरेल टाकायचं, चुलीवर पातळ करायचं आणि जिथे जिथे खारी हवा शिरेल तिथे तिथे ते ओतायचं. पोरसवदा जतीन बाजूला बसून तो वास छातीभर घ्यायचा. त्या वासाचा अर्थ बाबा घरी आहेत, एवढाच होता. दिवाळीनंतर बाबांनी, रामनाथ तांडेलांनी, बोट विकली. त्यानंतर ते कुणाशी धड बोलत नव्हते. ओट्यावर बसून राहायचे, समुद्राकडे पाठ करून. घरात बोट नव्हती. अंगणात गाडी होती.

जतीन गाडीखाली शिरला तो जवळजवळ सूर मारल्यासारखा. सेन्सरच्या वायरी जिथे गाडीच्या वायरींना जोडल्या जातात, तो बोटभर कपलर त्याने नखाने खटका दाबून उघडला. आत पिवळं, ताजं, तुकतुकीत ग्रीस काठोकाठ भरलेलं होतं. त्याने कपलर नाकाशी नेला. खोबरेल.

तो तिथेच उताणा पडून राहिला. मागच्या वेळीही त्याने हा कपलर उघडला होता. ग्रीस दिसलंही होतं. आणि त्याला काहीच वाटलं नव्हतं, उलट बरं वाटलं होतं, आपणच भरलं असेल आणि विसरलो असू, असं समजून त्याने टोकं पुसून घेतली होती. समुद्राकाठच्या माणसाला ग्रीस भरलेला जोड म्हणजे शहाण्याचं काम वाटतं. तारापूरच्या कारखान्यात ते वायरजोडाच्या प्रत्येक पेटीत ग्रीस भरायचे. प्रत्येक पेटीत, एक सोडून. ती एक आत्ता त्याला आठवली आणि तो एवढ्या झटक्यात उठला की कपाळ गाडीच्या बुडाला आपटलं. बॉयलरच्या चिमणीवरच्या प्राणवायू मोजणाऱ्या यंत्राला एक बारीक उघडं तोंड होतं, बाहेरची स्वच्छ हवा घेण्यासाठी. कारण ते यंत्र धुरातला प्राणवायू मोजत नाही, तुलना करतं. आत धूर, बाहेर हवा, दोघांत फरक किती, एवढंच त्याला कळतं. एकदा रंगाऱ्याने बाकीच्या पाइपांबरोबर ते तोंडही रंगवून टाकलं होतं, आणि सगळं खातं दिवसभर वेड्यासारखं धावलं होतं. हा सेन्सर त्याच यंत्राचा धाकटा भाऊ. याला वेगळं तोंड नाही. हा बाहेरची हवा घेतो ती आपल्याच वायरींतून, तांब्याच्या तारा आणि वरचं आवरण यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीतून, कपलरच्या बाजूने. तिथे कोणी कढत ग्रीस ओतलं तर ते वातीत तेल चढावं तसं आत चढत जातं, बाहेरची हवा तुटते, फरक उरत नाही आणि सेन्सरला धूरच हवा वाटू लागतो.

“जागृती,” तो खालून ओरडला, “बाबांनी याचं नाक बुजवलंय.”

ती खुर्चीवरून उठून खाली वाकली. त्याच्या कपाळावर ग्रीसचा टिळा होता आणि तो वेड्यासारखा हसत होता. त्याने पडल्या पडल्या तिला सगळं सांगितलं, भांग, पळी, खोबरेल, वायरीतली हवा. ती ऐकताना आधी हसली, मग तिने गाडीखाली डोकावून पाहिलं. “म्हणजे दर भांगाला गाडीखाली शिरतात बाबा?” ती म्हणाली. “या वयात? मी झोपलेली असताना?” तिचे डोळे भरून आले होते. रोज लांब जाणाऱ्या सुनेच्या गाडीला खारी हवा लागू नये म्हणून म्हातारा माणूस पळी घेऊन सरपटत होता आणि त्यानेच ती गाडी रस्त्यात बंद पडत होती.

खात्री अजून व्हायची होती. भिंतीवर खिळ्याला गाडीचा पहिला, मूळचा सेन्सर लटकत होता, महिन्याभरापूर्वी मेला म्हणून काढलेला. काढलेला माल पेट्रोलमध्ये धुऊन टांगायचा ही जतीनची सवय, म्हणून तो महिनाभर दाराच्या उन्हावाऱ्यात कोरडा होत राहिला होता. जतीनने गाडीकडचा कपलर स्प्रे मारून स्वच्छ केला, फुंकून फुंकून वाळवला, आणि तो मेलेला सेन्सर बसवला. जागृतीने चावी फिरवली. इंजिन गुरगुरलं, अडखळलं, सेन्सर तापेपर्यंतचा वेळ दोघांनी पडद्याकडे बघत काढला. रेघ तळाला सरळ. सरळ. आणि मग ती उठली. वर गेली, खाली आली, परत वर, परत खाली, श्वास लागल्यासारखी भराभर. इंजिनाचा आवाज मऊ झाला. काळा धूर विरळ होत होत दिसेनासा झाला. जतीनने टाळी वाजवली. मग आणखी एकदा वाजवली, कारण एकीने भागलं नाही.

“ही एवढी वरखाली का होतेय?” जागृतीने विचारलं. “बिघडलीय?”

“नाही ग, अशीच हवी. पेट्रोल जास्त झालं की वर, कमी झालं की खाली, एका जागी राहतच नाही. सरळ राहिली तर समजायचं...” तो बोलता बोलता थांबला. जागृती त्याच्याकडे बघत होती, त्या थकलेल्या डोळ्यांनी. त्याने स्कॅनरची वायर गुंडाळायला घेतली आणि परत सोडून दिली. घरापर्यंत राहू दे जोडलेला, म्हणाला.

वरोरला येईपर्यंत गाडी तिनेच चालवली. तो बाजूला बसून मांडीवरच्या पडद्यावर रेघ बघत होता. चढावर वर, पाय काढला की खाली. आनंद अजून ओसरला नव्हता, हाताच्या बोटांत मुंग्या होत्या, पण त्या आनंदात आता एक खडा होता. गाडी बरी झाली होती. त्याने दिलेला शब्द पाळला होता. आता त्याने म्हणायचं होतं, मग खोली नको ना. हे वाक्य त्याने गुरुवारपासून तयार ठेवलं होतं आणि वाणगाव मागे पडलं, चिंचणीचा सुक्या माशांचा वास काचेतून आत आला, तरी ते त्याच्या तोंडातून बाहेर पडत नव्हतं.

बाबा ओट्यावर होते. जतीनने त्यांना हाताला धरून गाडीपाशी आणलं आणि बॉनेट उघडून, खाली वाकलं की वरूनही दिसणारा कोरडा कपलर दाखवला. मनात आलं होतं की रागवायचं, निदान थोडं. पण त्यांच्या नखांत ते पिवळं ग्रीस अजून अडकलेलं होतं.

“बाबा, याला वायरीतून हवा घ्यावी लागते. बाहेरची हवा मिळाली नाही, तर आतलं त्याला काही कळत नाही. मग तो चुकीचं सांगतो आणि गाडी बंद पडते.”

रामनाथांनी वाकून तो कपलर पाहिला. “मी बुजवला ना,” ते म्हणाले. “मना वाटलं, खारी हवा खाईल त्याला. आमच्या इंजिनाला कधी काय झालं नय.”

“बोटीला ते बरोबरच होतं.”

“मंग याला कोरडाच ठेवायचा?”

“कोरडाच.”

त्यांनी मान हलवली. दिवाळीनंतर प्रथमच ते एका दमात इतकं बोलले होते. मग जागृतीकडे वळून म्हणाले, “पोरी, रस्त्यात उभी राहिलीस माझ्यापायी.”

“काही नाही हो बाबा,” ती म्हणाली. आणि मग, कदाचित त्यांच्याशी बोलणं जास्त सोपं होतं म्हणून, त्यांच्याचकडे बघत म्हणाली, “मी उधव्याला खोली घेतेय. गाडी नीट झाली तरी घेतेय. तिथे मी लागते त्यांना. आणि मलाही तिथे असावंसं वाटतं. गाडीचं निमित्त करत होते मी, उगाच.”

जतीनच्या मांडीवर आता स्कॅनर नव्हता, पण इंजिन चालू होतं आणि पडदा सीटवर उजळलेला होता. त्याला वाटलं आपण आता भूकंपाचं नाव घेऊ. ते तोंडाशी आलंही. पण बाबा मध्येच बोलले, अगदी साधेपणाने, चहाला हो म्हणावं तसे.

“जायचा की. पाण्याला जोर असला की बाहेर जायचा, भांगाला घरा यायचा. तुझी सासू काय दुसरं करत होती? मी उधाणाला जायचो, ती भांगाची वाट बघायची. आता हा बघेल.”

आणि त्यांनी जतीनच्या पाठीवर थाप मारली. जागृतीला हसू आवरेना, हसता हसता तिने पदराने डोळे पुसले. जतीनला वाईट वाटलं, ते अगदी स्पष्ट वाटलं, छातीत, डाव्या बाजूला. आणि त्याच वेळी सकाळचा तो आनंदही तसाच होता, एकाने दुसऱ्याला हटवलं नव्हतं. आई भांगाच्या दिवशी केस धुऊन ओट्यावर यायची ते त्याला आठवलं, ती किनाऱ्याकडे बघायची ते.

“पुढच्या एकादशीला येशील?” त्याने विचारलं.

“येईन. खिचडी तू करायची.”

सीटवरच्या पडद्यावर रेघ वर जात होती, खाली येत होती. जतीनने कपलरच्या जोडावरून एकदा बोट फिरवून पाहिलं, कोरडा होता. मग त्याने बॉनेट लावलं.